पोथीचा क्रमांक

(दृश्य: लांबट मेज. त्यावर लाल रुमालात बांधलेली पोथी. गाठ सोडणारे हात.)

पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था शोधत आलेला नवखा माणूस आधी भांडारकर रस्त्यावर जातो आणि तिथे चुकतो. संस्था आहे लॉ कॉलेज रस्त्याला, टेकडीच्या पायथ्याशी. तिथे २८ हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. एवढ्या पसाऱ्यात पोथी केवळ नावाने हाती लागत नाही, कारण एकाच ग्रंथाच्या कितीतरी प्रती असतात आणि कितीतरी पोथ्यांना पहिले पानच नसते. ती ओळखली जाते क्रमांकाने. आपल्यापुढच्या एका पोथीचा क्रमांक आहे ५/१८७५-७६. त्याचा अर्थ सरळ आहे: १८७५-७६ या वर्षी सरकारी संग्रहात दाखल झालेल्या पोथ्यांच्या यादीतली ही पाचवी.

ही पोथी ऋग्वेदाची आहे. ती भूर्जपत्रावर, म्हणजे भूर्ज झाडाच्या सालीवर, ठसठशीत शारदा या काश्मिरी लिपीत लिहिलेली असून काश्मिरातून आलेली आहे. संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ज्या ३० हस्तलिखितांची नोंद २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत झाली, त्यांत तिचा समावेश आहे. त्याच तिसांत ‘५/विश्रामबाग १’ अशा क्रमांकाचीही एक पोथी आहे. पेशवाई बुडाल्यावर पुण्यातल्या विश्रामबागवाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती. त्या वाड्याचे नाव पोथ्यांना आडनावासारखे चिकटून राहिले आहे. पोथी कोणत्या साली, कोणत्या वाटेने आली, हे तिच्या कपाळावरच लिहून ठेवण्याची ही शिस्त ज्यांनी घालून दिली, त्या माणसांची ही हकिकत आहे.

(दृश्य: जुना नकाशा. मुंबई, सुरत, पाटण, जैसलमेर, श्रीनगर.)

मुंबई सरकारने पोथ्या मिळवण्याचे काम हाती घेतले ते १८६६ साली. दोन वर्षांनी, १८६८ मध्ये, लाहोरचे पंडित राधाकृष्ण यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून देशभरच्या संस्कृत पोथ्यांच्या याद्या कराव्यात असे सुचवले, आणि सरकारने ती सूचना उचलून धरल्यावर या कामाला सर्व प्रांतांत बळ मिळाले. मुंबई इलाख्यात ही जबाबदारी प्रामुख्याने दोघा जर्मन पंडितांवर आली. एक गेऑर्ग ब्यूलर, जे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवून पुढे गुजरातेत शिक्षणखात्याचे निरीक्षक झाले; आणि दुसरे फ्रान्झ कीलहॉर्न, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक. शाळा तपासायला गावोगाव फिरणाऱ्या निरीक्षकाला पोथ्यांचा माग काढणे सोपे जाई, हा योगायोग संग्रहाच्या पथ्यावर पडला.

परंतु हे दोघांचे काम नव्हते. कुणाच्या घरी काय आहे याची खबर आणणारे, किमतीची घासाघीस करणारे, विकत मिळत नसेल तर नक्कल करून घेणारे, आलेली पोथी पान न् पान मोजून ती पुरी आहे की तुटक हे सांगणारे शास्त्री, लेखक (म्हणजे पोथ्या उतरवणारे लेखनिक) आणि दलाल यांचे एक मोठे जाळे त्यांच्यामागे होते. सुरतेचे भगवानदास केवलदास हे त्यांतले ठळक नाव. जैन पोथ्यांची त्यांची जाण अशी होती की ब्यूलर गेल्यावर पुढच्या मंडळींनाही त्यांच्यावाचून चालेना. अहवालांच्या मुखपृष्ठांवर प्राध्यापकांची नावे छापली गेली, भगवानदासांचे नाव मात्र आत शोधावे लागते, आणि हे थोडे खटकतेच.

पोथी विकत घेणे म्हणजे बाजारातून वस्तू आणणे नव्हे. जुने लेखक ग्रंथाच्या शेवटी, पुष्पिकेनंतर, म्हणजे समाप्तीच्या नोंदीनंतर, एक श्लोक लिहीत: ‘तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् । मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥’ तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा. मूर्खाच्या हाती देऊ नका, असे पुस्तकच म्हणते. पिढ्यान्‌पिढ्या हे वाचत आलेल्या घराने सरकारी माणसापुढे कपाट उघडायला काचकूच केली, तर त्यात नवल काय? शिवाय सरकार आज यादी मागते आहे, उद्या पोथ्याच मागेल, ही शंका अगदीच निराधार नव्हती. जैनांची ज्ञानभांडारे पंचांच्या ताब्यात असत आणि एकाच्या होकाराने कुलूप निघत नसे.

१८७४ च्या आरंभी ब्यूलर जैसलमेरच्या भांडारात पोचले. त्यांच्याबरोबर हेर्मान याकोबी हा तरुण जर्मन अभ्यासक होता, जो पुढे जैन विद्येचा मोठा पंडित झाला. तिथल्या ताडपत्रांत त्यांना बिल्हणाचे ‘विक्रमाङ्कदेवचरित’ सापडले. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याचे हे चरित्र, म्हणजे आपल्या दख्खनच्या इतिहासाचा ऐवज, आणि तो निघाला थेट थरच्या वाळवंटात! पोथी तिथून हलणार नव्हती. तेव्हा दोघांनी मुक्कामातच ती हाताने उतरवून घेतली आणि पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, ब्यूलरांनी ती छापून प्रसिद्ध केली. जे विकत मिळत नाही त्यावर हक्क सांगत बसायचे नाही, त्याची नक्कल घ्यायची आणि लगेच लोकांपुढे ठेवायची, हा त्यांचा खाक्या होता.

(दृश्य: भूर्जपत्राचा सालीसारखा पोत, अगदी जवळून. कडेला उडालेले तुकडे.)

१८७५ साली ब्यूलर काश्मिरात गेले. तिथल्या पोथ्यांची तऱ्हा वेगळी होती. आपल्याकडे सुटी पत्रे दोन फळ्यांमध्ये ठेवून रुमालात बांधतात. काश्मिरी पंडित भूर्जपत्रांच्या पोथ्या कातड्यात बांधून फडताळात उभ्या ठेवत. कातड्याच्या घर्षणाने पहिली आणि शेवटची पाने झिजून जात, आणि म्हणून काश्मिरातल्या कित्येक ग्रंथांना ना आरंभ, ना अंत, असे निरीक्षण ब्यूलरांनी नोंदवले आहे. ग्रंथाचे आणि कर्त्याचे नाव, लेखनाचा काळ, हे सारे नेमके त्याच पानांवर असते, हे लक्षात घेतले म्हणजे नुकसान किती ते कळते.

इथेच त्यांना तो प्रश्न विचारला गेला, जो पोथ्यांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या मेजावर लिहून ठेवावा. खंडित पोथ्यांच्या नव्या नकला करायला सांगितल्यावर लेखकांनी विचारले: नक्कल ‘पूर्ण करून’ हवी की नको? म्हणजे जिथे पान फाटले आहे, अक्षरे उडाली आहेत, तिथे आमच्या बुद्धीने भर घालून श्लोक जुळवून देऊ का? एका पंडिताने तर, ही रीत वाईट आहे हे ब्यूलरांनी पटवून दिल्यावर, विष्णुधर्मोत्तर पुराणाचा बराच भाग आपण पूर्वी असा भरून काढल्याचे खंत व्यक्त करीत कबूल केले. मुळात या पंडितांच्या दृष्टीने यात लबाडी नव्हती. देवळाचा ढासळलेला कोपरा बांधून काढावा, तसे हे पुण्यकर्म होते. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने ही आपत्ती होती, कारण जिथे मोकळी जागा दिसते तिथे निदान शंका तरी घेता येते. गुळगुळीत भरलेल्या जागेत शंकेलाही वाव उरत नाही.

सावध लेखकाची रीत निराळी असे. त्याला चुकीचे अक्षर खोडायचे असेल तर तो त्यावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देई आणि वर बरोबर अक्षर लिही. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार इथूनच आलेला आहे. तो पिवळा डाग आज दीड-दोनशे वर्षांनीही दिसतो आणि सांगतो, की इथे कुणीतरी चुकले होते आणि कुणीतरी ते पाहिले होते.

या मोहिमेचा हिशेब मांडताना एक बाजू झाकून ठेवता येत नाही. ब्यूलरांनी सरकारच्या परवानगीने जैन पोथ्यांचा एक मोठा संच बर्लिनच्या ग्रंथालयासाठीही मिळवला. आल्ब्रेख्ट वेबर यांनी त्यावरून जैन आगमांचा, म्हणजे मूळ धर्मग्रंथांचा, जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याने युरोपात या विषयाचे दालन उघडले हे खरे. आणि त्या पोथ्या गुजरातेतून कायमच्या गेल्या, हेही तितकेच खरे. परवानगी देणारे सरकारही परकेच होते. मुंबई इलाख्यासाठी घेतलेला संग्रह मात्र सार्वजनिक मालकीचा म्हणून इथेच राहिला, ही जमेची बाजू आहे.

(दृश्य: छापील अहवालाची पिवळी पडलेली पाने.)

१८८० च्या सुमारास ब्यूलर व्हिएन्नाला आणि कीलहॉर्न जर्मनीला परतले. पोथ्या शोधण्याचे काम डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि मुंबईचे पीटर पीटर्सन यांच्याकडे आले. भांडारकर आणि ब्यूलर एकाच वर्षी, एकाच महिन्यात जन्मलेले: भांडारकर ६ जुलै १८३७ चे, ब्यूलर १९ जुलैचे. मालवणात जन्मलेल्या आणि रत्नागिरीत शाळा शिकलेल्या भांडारकरांनी डेक्कन कॉलेजातून जे अहवाल प्रसिद्ध केले, ते केवळ खरेदीच्या याद्या नव्हते. कोणत्या पोथीचा आरंभ काय, शेवट काय, कर्ता आपल्याविषयी काय सांगतो, कोणत्या राजाचे नाव येते, त्यावरून काळ कोणता ठरतो, हे त्यांत उतारे देऊन मांडलेले असे, जेणेकरून पुण्याला कधीही न येणाऱ्या अभ्यासकालाही आपल्याला नेमकी कोणती पोथी मागवायची ते कळावे. ब्यूलर आणि कीलहॉर्न यांनी १८६८ पासून चालवलेल्या मुंबई संस्कृत ग्रंथमालेत ग्रंथ छापून येत होतेच. कीलहॉर्न यांनी संपादित केलेले पतंजलीचे महाभाष्य त्याच मालेतले.

६ जुलै १९१७ रोजी, भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी डेक्कन कॉलेजातला सरकारी संग्रह तिच्या स्वाधीन झाला. पोथ्यांना घर मिळाले. त्यांना कामाला लावले ते विष्णु सीताराम सुखटणकरांनी.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा, म्हणजे अनेक पोथ्यांतले पाठ ताडून सिद्ध करायच्या आवृत्तीचा, संकल्प १९१९ मध्ये सोडलेला होता, परंतु १९२५ साली सुखटणकर प्रमुख संपादक झाले तेव्हा कामाला घडी बसली. त्यांची पद्धत एका तक्त्यात पाहता येते. प्रत्येक श्लोकाला एक स्वतंत्र कागद. वरच्या ओळीत प्रचलित पाठातला श्लोक, एका चौकटीत एक अक्षर. खाली प्रत्येक हस्तलिखिताला एक ओळ, आणि पाठ जिथे वेगळा असेल त्याच चौकटीत ते वेगळे अक्षर. देवनागरी, शारदा, बंगाली, ग्रंथ, तेलुगू, मलयाळम अशा नाना लिप्या वाचणारी माणसे असे तक्ते भरत बसत. त्यासाठी शांतिनिकेतनात आणि तंजावरच्या सरस्वती महालातही पाठ ताडून पाहण्याची सोय केली होती. म्हणजे सगळ्या पोथ्या पुण्यात आणण्याचा हट्ट नव्हता. या कामात १,२५९ हस्तलिखिते अभ्यासली गेली. सुखटणकर १९४३ साली गेले, परंतु तक्ता त्यांच्या हयातीवर अवलंबून नव्हता. आवृत्ती १९६६ साली पुरी झाली.

(दृश्य: पोथीच्या ओळीवरून सरकणारे बोट.)

या साऱ्यांमध्ये मला सर्वांत जवळचे वाटतात ते परशुराम कृष्ण गोडे. ते १९१९ पासून १९६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत संस्थेचे क्युरेटर होते. पोथ्यांना वाचक कसे मिळवून द्यायचे, हे त्यांच्याइतके कुणाला उमगले नसेल. वर्णनात्मक सूचीचा अलंकार, संगीत आणि नाट्य यांचा खंड त्यांनी केलाच, पण सूची करताना नजरेखालून गेलेल्या बारीकसारीक उल्लेखांवरून त्यांनी शेकडो लेख लिहिले. नथ केव्हापासून घालतात? शोभेची दारू केव्हा आली? कागद कोणत्या वाटेने आला? जिलबीचेच पाहा. जिनसूराच्या ‘प्रियंकरनृपकथा’ या सुमारे १४५० सालच्या जैन ग्रंथात एका मेजवानीच्या वर्णनात जिलबी आढळते, आणि सतराव्या शतकातल्या रघुनाथाच्या ‘भोजनकुतूहला’त ती करण्याची रीतही मिळते. गोड्यांनी असे दाखले काळाच्या क्रमाने मांडून ठेवले आणि प्रत्येकापुढे पोथीचा क्रमांक दिला. लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह करणाऱ्याला हस्तलिखितांच्या दालनाशी आपला काही संबंध आहे असे कधी वाटले नसेल. गोड्यांनी तो लावून दिला.

आता पोथ्यांची छायाचित्रे घेतली जातात. त्याआधी कसर लागलेले पान मऊ कुंचल्याने झाडतात, फाटलेल्या कडेला जपानी पातळ कागदाचा आधार देतात. हा कागद असा असतो की जोड दिसावा आणि अक्षर झाकू नये. गेलेले अक्षर कुणी लिहीत नाही. पान मेजावर सपाट ठेवले जाते, शेजारी मोजपट्टी आणि रंगांची पट्टी येते, आणि एका चिठ्ठीवर क्रमांक. कॅमेऱ्यापाशी बसलेली मुलगी क्रमांक मोठ्याने वाचते, समोरचा वहीशी ताडून पाहतो आणि ‘बरोबर’ म्हणतो. मग ती कळ दाबते. पडद्यावर पान उमटते, आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे भूर्जाचा पापुद्रा उडून गेला आहे, तिथे मेजावरचे काळे कापड दिसते.