लाल तोटी, हिरवी तोटी

[अंगणात हापसा चालू]

बांगलादेश. नारायणगंज जिल्ह्यातलं अडाईहजार. इथं दारोदारी हापसा आहे. पाणी स्वच्छ, गार, वास नाही. पूर्वी लोक तळ्याचं पाणी प्यायचे आणि जुलाब, कॉलऱ्यानं मुलं दगावायची. म्हणून १९७०च्या दशकापासून युनिसेफ आणि सरकारनं हापशाचा आग्रह धरला. लोकांना तो पटला. पुढं लाखो हापसे त्यांनी स्वतःच्या पैशानं बसवले.

[तोटी जवळून. लाल रंगाचे पोपडे]

ही तोटी लाल, म्हणजे लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक, म्हणजे सोमल, हे विष. ही देशाची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटना १० म्हणते. समोरच्या अंगणातली तोटी हिरवी. मध्ये काय आहे? एक गोठा आणि केळीची रांग.

[पाण्याची तपासणी, सलग]

बाटलीत पाणी घेतलं. एकेक पुडी त्यात रिकामी केली. शेवटची जस्ताच्या भुकटीची. झाकणात पांढऱ्या कागदाची पट्टी अडकवली, झाकण घट्ट लावलं. आता थांबायचं. पाण्यात आर्सेनिक असेल तर ते वायू होऊन वर येतं आणि पट्टीला लागतं. पट्टी आधी पिवळी पडते, मग तपकिरी. रंग तक्त्याशी ताडून पाहायचा, की झालं. ना प्रयोगशाळा लागते, ना वीज. २००० ते २००३ या काळात देशभरातले जवळपास ५० लाख हापसे असेच तपासले गेले आणि रंगवले गेले.

[मेघना, गाळाचा काठ]

हे विष कुठल्या कारखान्यातून आलेलं नाही. हिमालयातून नद्यांनी आणलेल्या गाळात, लोहाच्या कणांना ते चिकटलेलं होतं. जमिनीखाली प्राणवायू संपला, जिवाणूंच्या करणीनं लोह विरघळलं आणि आर्सेनिक पाण्यात उतरलं. गाळाचे थर जागोजागी वेगळे, म्हणून शेजारच्या दोन हापशांचे रंगही वेगळे.

[जुने नकाशे, अहवाल]

१९९२ साली ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे या ब्रिटनच्या भूगर्भ संस्थेनं या देशातल्या भूजलाचे नमुने घेतले. अनेक मूलद्रव्यं मोजली. आर्सेनिक मोजलं नाही. पलीकडे पश्चिम बंगालमध्ये तर १९८०च्या दशकातच रुग्ण सापडले होते. आर्सेनिक मोजलं नाही म्हणून बांगलादेशातल्या गावकऱ्यांनी या सर्व्हेविरुद्ध केलेला दावा लंडनपर्यंत गेला. २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, तो फेटाळला: संशोधकांवर तशी कायदेशीर जबाबदारी नव्हती, म्हणे. कायद्याचं काही असो, ज्या गावाचं पाणी बाटलीत भरून नेलं, त्या गावाचं संशोधक देणं लागतो.

[कळशी घेऊन चाललेली बाई]

अडाईहजारमध्ये २००० सालापासून कोलंबिया विद्यापीठ आणि ढाक्याचे संशोधक काम करतायत. इथं घराला सांगितलं जातं: तुमचा हापसा लाल, जवळचा हिरवा अमक्याकडे. पुष्कळ घरांनी हापसा बदललाही. पण रोज दुसऱ्याच्या अंगणात कळशी घेऊन जायचं असतं बाईलाच, आणि त्या घराशी भांडण असेल तर पुन्हा आपला लालच.

[तळहात. निवेदन थोडं थांबतं]

ह्युमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेच्या २०१६च्या अहवालानुसार बांगलादेशात आर्सेनिकमुळे होणाऱ्या आजारांनी वर्षाला अंदाजे ४३,००० मृत्यू.

[खोल हापसा, कुंपणाच्या आत]

साधारण १५० मीटरखालचं पाणी बहुतेक ठिकाणी चांगलं असतं. सरकार असे खोल हापसे देतं. पण त्याच अहवालात म्हटलंय, की कित्येक हापसे पुढाऱ्यांच्या मर्जीतल्या लोकांच्या दारात गेले. लाल तोट्यांची यादी गावाकडेच हवी, आणि पुढचा खोल हापसा कुठं बसवायचा ते त्या यादीवरूनच ठरायला हवं.