ब्रिंझऽ: चीज घरचं, नाव कुठलं?

रोमानियातल्या कार्पेथियन डोंगरातला मेंढपाळांचा उन्हाळी तळ. मोठ्या कढईत मेंढीचं दूध कोमट होतंय.

दुधाला रोमानियन भाषेत म्हणतात लाप्ते. शब्द लॅटिन; रोमानियन भाषाच लॅटिनमधून आलेली. कोकराच्या जठरातला अर्क घातला की दूध साकळतं. फडक्यात बांधून पाणी निथळलं की उरतो तो काश. हाही लॅटिन, ‘कासेउस’चा वंशज. मग काश आंबवायचा, कुस्करायचा, मीठ लावून मेंढीच्या कातड्यात ठासून भरायचा. आता त्याचं नाव ब्रिंझऽ. आणि इथे लॅटिनचा हात सुटतो.

म्हणायलाही अवघडच. पहिला स्वर ‘इ’ आणि ‘उ’ यांच्या मधला कुठला तरी, ‘झ’ मात्र आपल्या झऱ्यातला.

इ.स. 106 मध्ये रोमन सम्राट ट्राजनच्या फौजांनी डेशिया, म्हणजे आजच्या रोमानियाचा भाग, जिंकला. ब्रिंझऽ हा त्या हरलेल्या डेशियनांचाच शब्द, असं एकोणिसाव्या शतकात भाषाअभ्यासक बोगदान पेत्रिचेइकू हाश्देऊ यांनी मांडलं. पटतं. पण डेशियन भाषेतलं सलग लिखाण उरलेलंच नाही, मग ताडून पाहायचं कशाशी? रोमानियन भाषेतलं सर्वांत जुनं तारीख ठाऊक असलेलं पत्रही 1521 चं. कुणी अल्बेनियन भाषेतल्या ‘आतडी’ या अर्थाच्या शब्दाकडे बोट दाखवतं. जठरातला अर्क आठवला तर ते अगदीच अचाट वाटत नाही. कुणी थेट स्वित्झर्लंडमधलं ब्रिएन्झ गाव गाठतं. ते मात्र जरा लांबचं.

व्याकरणातही या शब्दाची चाल वेगळी. नाम स्त्रीलिंगी. ‘ते ठरावीक चीज’ म्हणायचं तर वेगळा शब्द लागत नाही, शेवटचा स्वर बदलायचा: ब्रिंझा. पण चीजचे निरनिराळे प्रकार म्हटले की होतं ब्रिंझेतुरि. हे ‘उरि’ शेपूट एरवी नपुंसकलिंगी नामांचं. रोमानियनमध्ये मांस, माल अशी मोजता न येणारी काही स्त्रीलिंगी नामं ‘प्रकार’ सांगताना ते उसनं घेतात, तशीच ही.

मेंढपाळ कळप घेऊन उत्तरेला सरकले, तसा शब्दही गेला. स्लोव्हाकियात आजही बटाट्याच्या गोळ्यांवर ‘ब्रिन्द्झा’ घालून खातात.

आणि रोमानियात काही न करता बसलेल्याला म्हणतात, याच्याकडून काही ब्रिंझऽ होणार नाही. व्यवहाराची वेळ आली की म्हणतात: भाऊ तो भाऊ, पण ब्रिंझेचे पैसे टाक.