डाव्या डोळ्यापलीकडच्या ललिताबाई

येवल्यात येऊन पैठणीवर न बोलता सिनेमावर बोलायचं, म्हणजे तुम्ही मला चहासुद्धा विचारणार नाही. पण विषय तुमच्याच गावचा आहे. १८ एप्रिल १९१६ रोजी इथल्या सगुण यांच्या घरात, रेशमाचा आणि कापडाचा व्यापार करणाऱ्या घरात, अंबा नावाची मुलगी जन्मली. तीच आपली ललिता पवार.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते १९८७ मध्ये, शेजारच्या काकूंच्या टीव्हीवर. रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं. खोलीत तीसेक माणसं दाटीवाटीनं बसलेली, दाराबाहेर चपलांचा ढीग. मंथरा पडद्यावर आली की आमची आजी बोटं मोडायची. “आली बघ मेली, कान भरायला!” एकदा तर चिडून तिनं तोंडच फिरवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. प्रसंग संपल्यावर विचारते, “गेली का गं ती?” त्या वेळी ललिताबाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहून त्यांना जवळजवळ साठ वर्षं झाली होती.

साठ वर्षं! सुरुवात १९२८ ची, मूकपटातल्या बालकलाकाराची. पगार महिन्याला १८ रुपये. मोठ्या झाल्या तशा नायिका झाल्या. ‘हिम्मत-ए-मर्दां’मध्ये, म्हणजे १९३५ मध्ये, त्यांनी स्वतः गाणीही म्हटली. त्याआधी १९३२ मध्ये ‘कैलास’ नावाच्या मूकपटाच्या निर्मितीत त्या होत्या आणि त्यात कामही केलं होतं. वय मोजा, सोळा. आपल्याकडे सोळाव्या वर्षी मुलगी दहावीचा निकाल घेऊन पेढे वाटत असते.

मग १९४२ साल. ‘जंग-ए-आझादी’चं चित्रीकरण. प्रसंगात भगवानदादांनी त्यांना थोबाडीत मारायची होती, आणि हात जरा जोरातच बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. दोन-तीन वर्षं उपचारांत गेली. नायिकेची कामं संपली.

इथवरची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, कारण ललिताबाईंविषयी कुणीही बोलायला लागलं की पहिली तीच सांगतं. आणि नेमकं तिथंच माझं भांडण आहे. त्या थपडेनं नायिका गेली आणि खलनायिका मिळाली, असं आपण इतक्या सहज म्हणतो, जणू तो मिचमिचा डोळाच पुढची पन्नास वर्षं अभिनय करत होता आणि बाई नुसत्या त्याच्या मागे उभ्या होत्या.

डोळ्यानं भीती वाटत असेल, तर ‘अनाडी’तल्या मिसेस डिसा बघून का वाटत नाही? डोळा तोच आहे की! १९५९ चा सिनेमा, दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी. राज कपूर त्यांच्या घरी भाडेकरू. बाई त्याच्यावर सारख्या डाफरतात, भाड्यावरून बोलतात, आणि तो उपाशी आहे हे कळलं की जेवायला वाढतात. त्या भूमिकेला फिल्मफेअरचं पारितोषिक मिळालं. हृषीदांना हे प्रकरण फार आवडलेलं दिसतं, कारण १९६१ मध्ये त्यांनी ललिताबाईंनाच घेऊन ‘मेमदीदी’ केला आणि १९७१ च्या ‘आनंद’मधल्या मेट्रनलाही त्यांनी डिसा हेच आडनाव दिलं. तीच करडी, तीच मायाळू.

‘प्रोफेसर’ आठवा. पोरींना धाकात ठेवणारी खाष्ट आत्या, आणि म्हाताऱ्याचं सोंग घेतलेल्या शम्मी कपूरवर हळूच भाळते! थिएटर हसतं, पण त्या मात्र स्वतःवर हसत नाहीत. आरशासमोर त्या इतक्या मनापासून लाजतात की हसता हसता आपल्यालाच थोडी लाज वाटते.

माझ्या मते त्यांचं सगळं बळ रागावण्यात होतं. आपल्या घरांत माया बहुतेक वेळा रागावूनच दाखवली जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. “मर मेल्या, जेव आता!” हे वाक्य कुठल्या भाषेत नीट नेता येईल? ललिताबाईंनी ते हिंदी सिनेमात नेलं. त्याच आवाजातली माया थोडी काढून घेतली की सासू उभी राहायची, वाढवली की मिसेस डिसा.

आणि मंथरा? बाबुभाई मिस्त्रींच्या १९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’मध्येही ती त्यांनीच केली होती. म्हणजे दूरदर्शनवर आली ती सव्वीस वर्षं मुरलेली मंथरा. त्याच्याही आधी, १९४४ मध्ये, प्रभातच्या ‘रामशास्त्री’त त्या आनंदीबाई होत्या. ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई आणि कान भरणारी मंथरा, दोघी एकाच बाईच्या वाट्याला आल्या, याची गंमत वाटते.

मंथरा ही कैकेयीच्या माहेराहून आलेली दासी, हे आपण विसरतो. कैकेयीला तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं. मोठेपणी पुन्हा ती मालिका पाहिली तेव्हा मला ललिताबाईंची मंथरा कटकारस्थानी वाटेना. घरातली जुनी मोलकरीण “तुला काही कळत नाही गं बये” म्हणून मालकिणीवर करवादते ना, तशी वाटली. पाठीत वाकलेली, काठीवर भार टाकलेला, मान मात्र वर. पद्मा खन्नांच्या कैकेयीशी बोलताना त्या आधी आपलेपणानं चिडतात. विष मागून येतं. आजी जिवंत असती तर हे मला तिला सांगता आलं नसतं, तिनं माझ्याही नावानं बोटं मोडली असती.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंधला त्या गेल्या. त्यांच्या सिनेमांचा आकडा सातशेच्या आसपास सांगतात. मी काही मोजायला बसलेले नाही.

बरं, पडदा लावलाय तर आता बोलणं पुरे. ‘अनाडी’तली दहा मिनिटं दाखवणार आहेत. मागचे दिवे घालवा कुणीतरी. आणि एक करा, चेहऱ्याकडे थोडं कमी बघा. त्या ओरडत असताना त्यांचे हात काय करताहेत, ते बघा.