आधी चित्र बघा, मग पुस्तक उघडा

नमस्कार मंडळी. टॅरो म्हणजे ७८ सचित्र पत्त्यांचा जोड, लोक त्यावरून भविष्य सांगतात. असा डेक, म्हणजे जोड, नवीनच घेतलेल्या किंवा घ्यावा की नाही या विचारात असलेल्या लोकांसाठी आजचं बोलणं आहे. त्यामुळे माझी भूमिका आधीच सांगून टाकते. नोकरी कधी लागेल, मुलीचं लग्न कधी जमेल, हे पत्त्यांना ठाऊक नसतं. कागदावर छापलेल्या चित्राला ते ठाऊक असण्याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. तरी मी टॅरो शिकवते आणि मनापासून शिकवते. मनात कधीपासून घोळत असलेली, पण कुणापाशी काढता न आलेली गोष्ट माणूस चित्राच्या निमित्ताने बोलू लागतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पत्ते वाचणाऱ्याला त्यासाठी चित्र बघता आलं पाहिजे. नवशिके नेमकं तेच टाळतात. पत्ता उलटला की त्यांचा हात लगेच डेकसोबत आलेल्या, अर्थ दिलेल्या पुस्तिकेकडे जातो.

हे पत्ते आले कुठून, ते थोडक्यात बघू. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतल्या मिलान, फेरारा अशा दरबारांत ते खेळण्यासाठी रंगवले गेले. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी केलेले, सोन्याचा वर्ख दिलेले पत्ते आजही संग्रहालयांत आहेत. आपण चार रंगांपैकीच एक हुकूम ठरवतो. तिथे हुकमाचे वेगळे सचित्र पत्ते असत, आणि आज ज्यांना मेजर आर्काना म्हणतात ते मुळात हेच. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे चटकन पटेल. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, असे १२० गोल पत्ते. मत्स्य, कूर्म, वराह हातात धरून लोक डाव मांडत. पत्त्यावर देव आहे म्हणून तो भविष्य सांगतो, असं काही नव्हतं.

मग गूढविद्येचं वलय आलं कुठून? १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने लिहिलं की टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांचा ज्ञानग्रंथ आहे. त्या काळी इजिप्तची चित्रलिपी वाचता येणारं युरोपात कुणीही नव्हतं. शाँपोलियों या फ्रेंच अभ्यासकाला तिचा उलगडा झाला तो १८२२ साली. म्हणजे या दाव्याला कसलाच आधार नव्हता. पत्त्यांचा इजिप्तशी खरा संबंध आहे तो निराळाच. पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या हे चार रंग चौदाव्या शतकात मामलुक सुलतानांच्या इजिप्तमधून खेळाच्या पत्त्यांबरोबर युरोपात आले. पण दंतकथेचा पगडा मोठा. काही वर्षांतच एतेया नावाच्या पॅरिसकराने टॅरोवरून भविष्य सांगण्यावर पुस्तक काढलं आणि पुढे त्यासाठी खास डेकही काढला.

हे एवढ्यासाठी सांगितलं की नवीन माणूस विनाकारण दबून जातो. डेक कुणी भेट दिला तरच लागू पडतो, तो रेशमी कापडातच ठेवायचा, दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही... यातलं काहीही पाळायची गरज नाही. दुकानातून विकत आणा. ज्याच्यासाठी वाचताय त्यालाच पत्ते पिसायला द्या. हातात पत्ते आले की माणूस जरा सैलावतो.

कुठला डेक घ्यावा? तुमचा पहिला डेक म्हणून १९०९ साली लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढला तोच घ्या, किंवा त्यावर बेतलेला. याच्याबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे. कल्पना गूढविद्येवर लिहिणारे आर्थर एडवर्ड वेट यांची, पण ७८ चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ यांनी. १८७८चा जन्म, लहानपण मँचेस्टर आणि जमैकात, चित्रकलेचं शिक्षण ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये. नाटकाच्या नेपथ्याशी जवळचा संबंध. त्यांचे पत्ते बघताना तो जाणवतो: माणसं रंगमंचावर उभी असावीत तशी उभी असतात आणि मागे पडदा सोडल्यासारखं आकाश असतं. त्याआधीच्या बहुतेक डेकमध्ये पेल्यांच्या पंजीवर फक्त पाच पेले असत. पामेलाबाईंनी प्रत्येक पत्त्यावर माणसं, प्रसंग, हवामान आणलं. नवशिक्याला टॅरो वाचता येतं ते या एका निर्णयामुळे. काम पूर्ण झाल्यावर त्यांनी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना कळवलं होतं की काम मोठं झालं, पैसे मात्र फारच थोडे मिळाले. १९५१ साली त्या कॉर्नवॉलमध्ये वारल्या तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. आणि डेक जगभर ओळखला गेला तो रायडर-वेट या नावाने! मला याचा राग येतो. पत्त्याच्या कोपऱ्यात वळणावळणाची छोटी सही असते ती त्यांची. पहिल्याच दिवशी ती शोधा.

आता पेल्यांची पंजी, ‘फाइव्ह ऑफ कप्स’, जवळून बघू. वर्गात मी हा पत्ता क्षणभर दाखवून पालथा घालते आणि विचारते, किती पेले होते? बरेच जण तीन म्हणतात. काळा झगा पांघरलेला, मान खाली घातलेला माणूस दिसतो, त्याच्यासमोर तीन पेले लवंडलेले, आतलं सांडलेलं. आपली नजर त्याच्या नजरेमागे जाते. त्याच्या पाठीशी दोन पेले उभे आहेत, ते सुटतात. पलीकडे नदी आहे, नदीवर पूल आहे, पैलतीरावर वास्तू आहे. हेही सुटतं. पुस्तिकेत या पत्त्यापुढे ‘नुकसान, दुःख’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून तुम्ही समोरच्याला ‘तुमच्या आयुष्यात दुःख आहे’ एवढंच सांगाल, आणि ते कुणालाही सांगता येतं. त्याऐवजी पत्ता त्याच्याकडे सरकवा आणि विचारा, हा माणूस कशाकडे बघतोय? त्याने मागे वळायला काय व्हावं लागेल? मग गप्प बसा. ही गप्प बसण्याची सवय लावणं फार अवघड आहे, आणि पत्त्यांचे अर्थ पाठ करण्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगाची आहे.

अर्थांचा ढोबळ सांगाडा तुम्हाला लागेल, नाही असं नाही. चार रंगांपैकी कप्स (पेले) म्हणजे भावना आणि नाती, पेंटॅकल्स (नाणी) म्हणजे पैसा, काम, शरीर, स्वोर्ड्स (तलवारी) म्हणजे विचार आणि संघर्ष, वॉन्ड्स (काठ्या) म्हणजे उमेद आणि उद्योग. एक्का सुरुवातीचा, दश्शी शेवटाची. पहिले काही महिने एवढं पुरतं. उलटे पडलेले पत्ते सरळ करून घ्या, रिव्हर्सचे अर्थ नंतर. सेल्टिक क्रॉस ही दहा पत्त्यांची मांडणीही नंतर. राजा, राणी, नाइट आणि पेज हे दरबारी पत्ते सगळ्यांनाच जड जातात. तो तुमचा दोष नाही.

तीन पत्त्यांपासून सुरू करा. भूत, वर्तमान, भविष्य अशी मांडणी सगळीकडे दिसेल. मी ती नवशिक्यांना देत नाही, कारण तिसऱ्या पत्त्यावर भाकीत करायचा मोह होतो. परिस्थिती काय, अडतंय कुठे, हातात काय आहे, अशी मांडा. प्रश्नही बदलून घ्यावा लागतो. ‘मला बढती मिळेल का?’ याचं उत्तर तुमच्याकडे नाही. ‘बढतीबद्दल साहेबांशी बोलायचं मी का टाळतेय?’ यावर मात्र अर्धा तास बोलता येतं. समजा अडचणीच्या जागी ‘एट ऑफ स्वोर्ड्स’ आला: डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती बांधलेलं कापड, भोवती तलवारी, एकटी बाई. पण पाय बघा, मोकळे आहेत. शेजारी ‘थ्री ऑफ पेंटॅकल्स’ आला: गवंडीकाम करणारा तरुण बाकावर उभा आणि दोघं जण त्याच्याशी बोलतायत, एकाच्या हातात नकाशा. एका पत्त्यात बाईसोबत कुणीच नाही, दुसऱ्यात तिघं आहेत. इथे विचारायचा प्रश्न आपोआप समोर येतो: तुमचं काम पाहिलेलं, तुमच्या बाजूने बोलेल असं ऑफिसात कोण आहे?

‘डेथ’ कधी ना कधी निघणारच. पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा, खाली पडलेला राजा, हात जोडलेला धर्मगुरू, मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य. कुणाच्याही मरणाबद्दल या पत्त्यावरून एक अक्षर बोलायचं नाही. घाबरलेल्या माणसाला तेवढंच लक्षात राहतं आणि तो ते वर्षानुवर्षं बाळगतो.

‘अगदी बरोबर ओळखलंत!’ हे तुम्ही लवकरच ऐकाल. त्यावर विसंबू नका. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकच मजकूर दिला. तो ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकपणाला पाचपैकी सरासरी चाराहून जास्त गुण दिले. म्हणून रीडिंगनंतर स्वतःला तपासा: मी जे बोलले ते हा पत्ता आणि हा प्रश्न नसता तरी बोलता आलं असतं का? आलं असतं, तर तुम्ही पत्ता वाचलाच नाही.

रोज सकाळी एक पत्ता काढा आणि पुस्तिका न उघडता पाच-सात ओळी लिहा. हात कुठे आहेत, नजर कुठे आहे, पायाखाली काय आहे, आकाश कसं आहे. मग पुस्तिका बघा. तुमचं आणि तिचं जुळलं नाही तर दोन्ही लिहून ठेवा.

शिकत असेपर्यंत कुणाकडून पैसे घेऊ नका. आजारपण, गरोदरपण, कोर्टाचा निकाल यांवर पत्ते काढू नका. त्यासाठी डॉक्टर आणि वकील आहेत. नवऱ्याच्या मनात काय आहे, असं कुणी विचारलं तर नवरा तिथे हजर नाही हे स्पष्ट सांगा आणि प्रश्न विचारणारीकडे वळवा. तोच प्रश्न घेऊन कुणी दर आठवड्याला येऊ लागलं तर थांबवा. आणि बोलता बोलता जगणं नकोसं झाल्याचं कुणी सांगितलं, तर पत्ते तिथेच बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, घरच्या माणसाला बोलावून घ्या, सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा नंबर स्वतः लावून द्या. हा नंबर डेकच्या डबीवर आजच लिहून ठेवा.