गळ्याआधी मनगट

(दृश्य: अगदी जवळून चार हात. चेहरे दिसत नाहीत.)

हे चार हात बघा. दोन एकाचे, दोन दुसरीचे, आणि कुठला कुणाचा ते पहिल्यांदा मलाही कळलं नव्हतं, एडिटला बसल्यावर चारदा पॉज करून बघितलं तेव्हा लक्षात आलं की ज्याच्या बोटांवर पांढरी टेप आहे तो मागच्या बाईंचा. तो वर सरकतो, पुढचा माणूस खाली ओढतो, परत वर, परत खाली. आवाज फक्त श्वासाचा आणि मॅटवर टाचा घासल्याचा. एक मिनिट चाळीस सेकंद हेच चाललंय, दारातून बघणाऱ्याला वाटेल दोघं नुसते बसलेत.

(दृश्य: हॉल, दुरून.)

जागा न्यू जर्सी. एका बाजूला लॉन्ड्री, दुसऱ्या बाजूला पिझ्झावाला, मधे हा ब्राझिलियन जिउ-जित्सूचा क्लास, म्हणजे ठोसे न मारता पकडी आणि गळे आवळून खेळायची कुस्ती. पुढे बसलाय तो आपला मराठी माणूस, वय ४३, दिवसभर लॅपटॉप आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी हे. मागे बसल्यात त्या पर्पल बेल्ट आहेत, पट्ट्यांच्या मधल्या पायरीवर, वजन त्याच्यापेक्षा १५ किलो तरी कमी, आणि गेल्या तीन राउंडमध्ये त्यांनी त्याला तीनदा टॅप करायला, म्हणजे हाताने थाप मारून हार मानायला लावलंय.

(दृश्य: बाजूने, छाती पाठीला चिकटलेली.)

या पोझिशनचं नाव बॅक कंट्रोल. छाती समोरच्याच्या पाठीला चिकटलेली, दोन्ही पाय पुढून त्याच्या मांड्यांच्या आत अडकवलेले, त्यांना हूक म्हणायचं, आणि हात गाडीच्या सीटबेल्टसारखे तिरके, एक खांद्यावरून, एक काखेतून, छातीवर एकमेकांत अडकलेले. स्पर्धेत हे तीन सेकंद टिकवलं की ४ पॉइंट, माउंटला, म्हणजे समोरच्याच्या छातीवर बसण्याला मिळतात तेवढेच, यापेक्षा जास्त कशालाच नाहीत.

कुस्ती बघत मोठं झालेल्यांना हे सगळं उलटं वाटतं. आपल्याकडे पाठ मातीला लागली की चीतपट, खेळ खलास. इथे पुढचा माणूस धडपडतोय तो स्वतःची पाठ मॅटला लावायलाच, कारण त्याचे खांदे मॅटवर टेकले की मागे चिकटायला जागाच उरत नाही. मामांना ही क्लिप दाखवली तर म्हणाले, "अरे हा स्वतःहूनच पडतोय की!" बरोबर आहे मामा, पण काखेतून हात आलाय त्या बाजूला पडतोय, खांद्यावरून आलाय त्या बाजूला नाही. चोक करणाऱ्या हाताच्या बाजूला पडला तर स्वतःच गळा नेऊन दिल्यासारखं होईल.

(दृश्य: चोक लागतो. टॅप.)

हा रिअर नेकेड चोक. पोर्तुगीजमध्ये याला माता लेआंव म्हणतात, सिंह मारणारा. नीट बसला तर श्वास कोंडत नाही, मानेच्या दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि दहाएक सेकंदांत शुद्ध जाते, म्हणून त्याआधी टॅप करायचं. १९९३ मध्ये डेन्व्हरला पहिल्या यूएफसीची, म्हणजे सगळ्या प्रकारच्या लढवय्यांच्या स्पर्धेची फायनल जिउ-जित्सूवाल्या रॉइस ग्रेसीने यानेच जिंकली, आणि बऱ्याच क्लासमध्ये नवीन पोरगा आला की सुरुवातीलाच त्याला हा चोक शिकवतात. कोपर हनुवटीखाली, हात आपल्याच दंडावर, दुसरा हात डोक्यामागे, दाब. पाच मिनिटांत शिकून होतो. समोरचा मित्र शहाण्यासारखा हात मांडीवर ठेवून बसलेला असतो ना!

खऱ्या राउंडमध्ये कुणी हात मांडीवर ठेवत नाही.

(दृश्य: स्लो मोशन, मनगटं.)

आता हे नीट बघा, मुद्दाम स्लो केलंय. खांद्यावरून आलेला हात हा चोकचा हात. काखेतून आलेला हात त्याच्या मनगटावर झाकणासारखा बसलाय, म्हणजे पुढच्याला पकडायला मनगटच मिळू नये. पुढच्याचं काम एकच, आपले दोन्ही हात त्या एका हातावर. एकाने मनगट, दुसऱ्याने थोडं वर कोपराकडे, आणि खाली छातीशी ओढायचं, पुढे ढकलायचं नाही, ढकललं की आपलेच हात लांब होतात आणि ताकद संपते. एखादंच बोट धरून मागे वाकवायचं नाही, ते नियमात बसत नाही. तो चोकचा हात हनुवटी ओलांडून पलीकडच्या खांद्यापर्यंत पोचला की मग नंतरची सगळी मारामारी उशिराची. तेव्हाही एक संधी असते, गळ्याखालचा हात सोडून द्यायचा आणि डोक्यामागे जाणारा दुसरा हात पकडायचा, तो लॉक व्हायच्या आत. पण ती शेवटची गाडी आहे, चुकली की स्टेशनवरच.

(दृश्य: तोच राउंड, पुढे. त्याचा उजवा हात खाली जातो.)

हे इथे. बघितलंत? पायातला हूक त्रास देतोय म्हणून त्याने उजवा हात सोडला आणि पाय काढायला गेला. अर्धा सेकंद. पाय काही गळा दाबत नाही हो! पण अंगाला जे टोचतं तिकडेच हात जातो, मी स्वतः वर्षभर हेच केलंय. त्या अर्ध्या सेकंदात बाईंचा डावा हात त्याच्या मनगटावर गेला, मनगट खाली कमरेपर्यंत दाबलं आणि वरून त्यांचा पाय आला. हात पायाखाली. आता हिशोब करा, त्यांचे दोन हात मोकळे, याचा एक.

(दृश्य: अडकलेला हात, बोटं हलतायत.)

हा शॉट आम्ही कापलाच नाही, पूर्ण ठेवलाय.

ही पायाने हात अडकवायची पद्धत शिस्तीत मांडली जॉन डॅनहरने, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फिलॉसॉफी शिकायला न्यूझीलंडहून आलेला माणूस, जो मॅनहॅटनला रेन्झो ग्रेसी अकॅडमीच्या तळघरात शिकवत बसला. त्याच्या आधी पाठ घेण्यात मार्सेलो गार्सिया होताच. २००३ ला साओ पावलोच्या एडीसीसीत, म्हणजे पकडींच्या मोठ्या जागतिक स्पर्धेत, तो ऐनवेळी बदली म्हणून आला आणि शाओलिन रिबेरोसारख्या माणसाची पाठ घेऊन काही सेकंदांत त्याला झोपवलं, मार्सेलोचे हात बघा कधीतरी, घाई कुठेच दिसत नाही. आणि मग २०१४ ला एडी ब्राव्होची स्पर्धा सुरू झाली, एडी ब्राव्हो इन्व्हिटेशनल, थोडक्यात ईबीआय. तिथे मॅच बरोबरीत सुटली की ओव्हरटाइमला एकाला आयती पाठ द्यायचे, सीटबेल्ट लावूनच सुरुवात, मग दुसऱ्याची पाळी, कोणीच टॅप केलं नाही तर लवकर सुटला तो जिंकला. म्हणजे पाठीवरची हातांची मारामारी हीच मॅच झाली, आणि लोक अचानक तासन् तास याचाच सराव करायला लागले. २०२२ ला लास वेगासच्या एडीसीसीत गॉर्डन रायनने आंद्रे गॅल्व्हाओला हरवलं ते याच रिअर नेकेड चोकने. त्याचं फुटेज आमच्याकडे नाही, शोधून बघा, फक्त गळ्याकडे बघू नका.

(दृश्य: नवीन मुलं, जोडीने बसलेली.)

या क्लासच्या कोचनी एक गोष्ट वेगळी केलीय, म्हणून तर आम्ही इथे शूट करायला आलो. पहिले चार आठवडे चोक शिकवतच नाहीत. पाठीवर बसायचं, मागच्याने मनगट पकडायला बघायचं, पुढच्याने सोडवायचं, दोन मिनिटं, मग अदलाबदल, बस. पोरं कंटाळतात, दोन-चार सोडूनही जातात. ही हिरव्या टी-शर्टवाली मुलगी बघा, तिसराच क्लास तिचा, पण हात बघा कुठे आहेत, दोन्ही वर, कॉलरबोनशी, आणि हुकाकडे ती बघतसुद्धा नाहीये.

आपला माणूस त्या जुन्या पद्धतीने शिकलेला, दुसऱ्या क्लासमध्ये, पहिल्या दिवशी चोक. मधे एक स्पर्धाही खेळला, पहिल्याच मॅचला बाहेर, बोटांचे सांधे सुजलेत ते वेगळंच.

(दृश्य: टेप गुंडाळणारी बोटं. टायमरचा बीप.)

चौथा राउंड. बाई मागे बसल्या, उजवा हात खांद्यावरून, डावा काखेतून. त्याने दोन्ही हात वर आणले. हूक लागला.

हात वरच आहेत.