पाच तारखेचे आठशे रुपये

(दृश्य: ठाणे. मॉल. शनिवार, संध्याकाळचे सात.)

सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी एका आंतरराष्ट्रीय मदत संस्थेचा छोटासा स्टॉल. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब घेतलेली मुलगी. "सर, दोनच मिनिटं." बहुतेक लोक मोबाइल कानाला लावून पुढे सरकतात. त्यातल्या निम्म्यांच्या मोबाइलवर पलीकडे कोणी नसतं, हे तिलाही ठाऊक आहे. एखादा थांबतो, ऐकून घेतो आणि खिशातून पाचशेची नोट काढतो. मुलगी हात मागे घेते. "सर, रोख नाही घेत आम्ही."

माणूस चक्रावतो. देणगी मागायला उभे राहिलेत आणि नोट नको?

रोख नाकारण्यामागे गैरव्यवहाराची भीती आहेच. पण नोट एकदाच येते, तिला नाव नसतं आणि पुढच्या महिन्याचा पत्ता नसतो, हे कारण जास्त मोठं. मुलीला हवी आहे ती परवानगी, बँकेच्या भाषेत मँडेट: दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून आठशे रुपये वळते करण्याची. एवढा आग्रह का, हे समजायला आंतरराष्ट्रीय संस्थांची तिजोरी आतून बघावी लागते.

(दृश्य: ध्वजांची रांग. आकडे पडद्यावर.)

अशा संस्थांकडे पैसा दोन वाटांनी येतो. पहिली वाट वर्गणीची. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं १७वं कलम सांगतं की संस्थेचा खर्च सदस्य देशांनी वाटून घ्यायचा. कोणी किती, हे दर तीन वर्षांनी ठरतं. २०२५ ते २०२७ साठी भारताचा वाटा १.१०६ टक्के आहे आणि अमेरिकेचा २२ टक्के, म्हणजे कमाल मर्यादेइतका. दोन वर्षांच्या वर्गणीइतकी थकबाकी झाली, तर १९व्या कलमाप्रमाणे महासभेतलं मत जातं. सोसायटीचा मेंटेनन्स थकवणाऱ्यांना हा नियम ओळखीचा वाटेल.

दुसरी वाट स्वेच्छेची. १९४६ साली स्थापन झालेल्या, मुलांसाठी काम करणाऱ्या युनिसेफला वर्गणी मिळत नाही. जागतिक अन्न कार्यक्रमालाही नाही. तिथला एकूण एक रुपया कोणीतरी स्वतःहून दिलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेला वर्गणी मिळते, पण ती अनेक वर्षं खर्चाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी भरत होती. मे २०२२ मध्ये सदस्य देशांनी ती टप्प्याटप्प्याने मूळ अंदाजपत्रकाच्या निम्म्यापर्यंत न्यायचं ठरवलं.

आता खरा मुद्दा. स्वेच्छेने येणाऱ्या पैशातला बराचसा बांधलेला असतो. अमुक देश, अमुक कार्यक्रम, अमुक तारखेच्या आत. लसीसाठी आलेला पैसा लसीवरच खर्चायचा. शेजारच्या तालुक्यात कॉलरा पसरला म्हणून तिकडे वळवता येत नाही. मोकळा पैसा, म्हणजे 'जिथे गरज असेल तिथे वापरा' असं सांगून दिलेला, फार थोडा. गोदामाचं भाडं, लेखापरीक्षण, बातम्यांत नसलेल्या देशातलं काम, आपत्तीच्या पहिल्या दोन दिवसांतली धावपळ, हे सगळं त्याच्यावर चालतं. सरकारांचे कोट्यवधी डॉलर बहुधा बांधलेले असतात. घणसोलीच्या शिक्षिकेचे आठशे रुपये मात्र मोकळे येतात.

एकाच मोठ्या दात्यावर भिस्त ठेवली की काय होतं, ते २०२५ मध्ये दिसलं. २० जानेवारीला अमेरिकेने परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी थांबवली. १ जुलैपासून 'यूएसएड' या अमेरिकी सरकारच्या मदत संस्थेमार्फत मदत देणं बंद झालं. आरोग्य संघटनेचं २०२६-२७ चं अंदाजपत्रक आधी ५.३ अब्ज डॉलरचं मांडलं होतं. मंजूर झालं ते ४.२ अब्जांचं.

(दृश्य: कराराचा मसुदा. पेन्सिलीने केलेल्या खुणा.)

मोठ्या देणगीचं काम सुरू होतं ते आकडेमोडीने, आणि पहिली चूक तिथेच होते. युनिसेफ, यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) अशा संस्था प्रकल्पखर्चावर साधारणपणे ८ टक्के व्यवस्थापन खर्च घेतात. दाता म्हणतो, "एकूण एक कोटी देतो." कनिष्ठ अधिकारी एक कोटीचे ८ टक्के काढून प्रकल्पाला ९२ लाख लिहितो. चूक. ८ टक्के लागतात ते प्रकल्पखर्चावर, एकूण रकमेवर नाही. एक कोटीला १.०८ ने भागायचं: प्रकल्पाला ९२ लाख ५९ हजार, व्यवस्थापनाला ७ लाख ४१ हजार. एकोणसाठ हजारांचा फरक. वर्षअखेरीला अहवालाचे आकडे जुळेनात की दोन्हीकडचे लेखापाल हाच फरक शोधत बसतात.

दुसरी अडचण चलनाची. समजा दहा लाख युरोचा करार झाला तेव्हा एका युरोला १.१० डॉलर मिळत होते. पैसे आले त्या दिवशी १.०५. कागदावर अकरा लाख डॉलर, हातात साडेदहा. पन्नास हजार डॉलरची कामं कोणती कापायची, हे दात्याला विचारून ठरवावं लागतं, आणि ते लेखी. म्हणून जाणकार अधिकारी करारातच दोन ओळी घालून घेतो: विनिमयदरातल्या घटीइतकं काम कमी होईल, आणि मुदतवाढ हवी असेल तर मुदत संपण्याच्या इतके दिवस आधी मागितली जाईल. मुदत संपल्यावर मागितलेली वाढ म्हणजे गाडी सुटल्यावर काढलेलं तिकीट.

(दृश्य: ठाणे-बेलापूर रस्ता. महापे, रबाळे, ऐरोली. काचेच्या इमारती.)

आता घरच्या अंगणात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्या, म्हणजे सीएसआर, कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यांपैकी एक उंबरठा ओलांडला की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे, असं २०१३ च्या कंपनी कायद्याचं १३५वं कलम सांगतं. फेब्रुवारी उजाडला की फोन येऊ लागतात. "आमचे चाळीस लाख उरलेत, ३१ मार्चच्या आत घेता का?"

घाईत 'हो' म्हणणारा इथे फसतो. २२ जानेवारी २०२१ ला बदललेल्या नियमांनुसार कंपनी आंतरराष्ट्रीय संस्थेची मदत घेऊ शकते ती प्रकल्पाची आखणी, देखरेख, मूल्यमापन आणि स्वतःच्या माणसांचं प्रशिक्षण यांसाठी. प्रत्यक्ष काम कंपनी स्वतः करणार नसेल, तर सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी झालेली इथली संस्था लागते. म्हणून जागेवर काम करणारी, समजा दिघ्यातली, संस्था एका बाजूला, आखणी आणि देखरेख करणारी आंतरराष्ट्रीय संस्था दुसऱ्या बाजूला, पैसा कंपनीचा. प्रत्येक कागदावर कोणाची सही आणि कोणत्या कामाची, हे आधी मांडून घेतलं नाही, तर वर्षअखेरीस कंपनीचा लेखापरीक्षक तो खर्च सीएसआरमध्ये धरत नाही.

मग वर्ष जुळत नाही. कंपनीचं एप्रिल ते मार्च, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचं जानेवारी ते डिसेंबर. मार्चमध्ये दिलेल्या पैशाचा विनियोग दाखला, म्हणजे तो कशावर खर्च झाला याचा कागद, एप्रिलमध्ये मागितला जातो, तेव्हा पैसा जेमतेम खात्यात पोचलेला असतो. त्यातून पुढचं वाक्य येतं: "आमचे सीए येऊन तुमची पुस्तकं बघतील." याला नकारच द्यावा लागतो. संयुक्त राष्ट्रांत एकच लेखापरीक्षण चालतं आणि ते सदस्य देशांनी नेमलेले परीक्षक करतात. प्रत्येक दात्याला दार उघडलं तर वर्षभर तेच चालेल. बैठकीत हा नकार कडू लागतो. अशा वेळी एक गोष्ट सांगितली की वातावरण निवळतं: जुलै २०१४ ते जून २०२० या काळात त्या परीक्षक मंडळावर भारताचे कॅगच, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकच होते. आरोग्य संघटनेची पुस्तकंही २०२० पासून कॅगच तपासतात.

आणि बोधचिन्ह. पैसे देणाऱ्याला ते पाकिटावर छापायचं असतं, बिस्किटाच्या असो की साबणाच्या. पण संयुक्त राष्ट्रांचं नाव आणि बोधचिन्ह व्यापारी कामासाठी वापरू नये, म्हणून भारतात १९५० पासून कायदा आहे. हे पहिल्याच बैठकीत सांगावं. करारावर सह्या झाल्यावर सांगितलं की तो विश्वासघात वाटतो.

कोणाचा पैसा घ्यायचाच नाही, हेही आधीच तपासतात. आरोग्य संघटना तंबाखू आणि शस्त्रास्त्रं बनवणाऱ्यांशी व्यवहार ठेवत नाही. २०१६ च्या तिच्या नियमांच्या चौकटीत ते लिहून ठेवलंय. कंपनी सिमेंटची असते, पण तिच्या मालकाच्या दुसऱ्या कंपनीत जर्दा निघतो. ते शोधायला भागधारकांची यादी शेवटपर्यंत वाचावी लागते. काम कंटाळवाणं, पण टाळलं तर बातमी होते.

(दृश्य: पुन्हा मॉल. टॅबचा पडदा जवळून.)

परत त्या आठशे रुपयांकडे. टॅबवर खाते क्रमांक, आयएफएससी, तारीख आणि रक्कम. रकमेच्या खाली एक छोटी निवड असते: 'ठरावीक' की 'कमाल'. पुढे हप्ता वाढवायचा झाला तर सोयीचं, म्हणून कोणीतरी 'कमाल' निवडून २,००० लिहून ठेवतं. रात्री बँकेचा मेसेज येतो: दोन हजार रुपयांचा मँडेट नोंदला गेला. माणूस दचकतो, बायको विचारते आणि सकाळी बँकेत जाऊन मँडेट रद्द. एक पैसाही न येता दाता गेला. 'ठरावीक ८००' लिहावं, आणि मेसेजमध्ये काय दिसेल ते तिथेच सांगून ठेवावं.

तारीख पाचच का? पगार एक तारखेच्या आसपास, घराच्या कर्जाचा हप्ता बहुधा पाच ते दहाच्या मध्ये. दहानंतर खात्यात खडखडाट. निवृत्तिवेतनवाल्यांचे पैसे महिनाअखेरीस जमा होतात. त्यांना पाच चालते. दुकानदाराला मात्र तारीख विचारावी.

कार्डाची तऱ्हा वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे वळते होण्याच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं, आणि २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही. कार्ड बदललं, हरवलं, की बहुधा नवी परवानगी घ्यावी लागते.

कागदी अर्ज अजून संपलेले नाहीत. ते परत येतात बहुतेक सहीवरून. नौपाड्यातल्या एका घरी फोन जातो.

"सर, बँकेने मँडेट परत पाठवलाय. सही जुळत नाही म्हणतात."

"अहो ताई, बँकेत आहे ती सही नोकरीला लागलो तेव्हाची. आता हात थरथरतो. ती काढायची म्हणजे मला आठवडाभर सराव करावा लागेल."

उपाय दोन: बँकेत जाऊन सही बदलून घेणं, किंवा आधार ओटीपीने वा डेबिट कार्डाने ई-मँडेट. बरेच ज्येष्ठ दुसऱ्याला घाबरतात. मुलगा-सून घरी असतील अशा रविवारी फोन करावा.

हिशेबही रोकडा आहे. समजा एक दाता मिळवायला स्टॉलचं भाडं, पगार, टॅब धरून ६,४०० रुपये पडले. आठशेप्रमाणे आठ महिन्यांनी खर्च भरून निघतो. नवव्या महिन्याचे पैसे खरे कामाचे. पाचव्या हप्त्यानंतर दाता गेला तर २,४०० अंगावर. आणि गळती सर्वात जास्त होते ती पहिल्याच वर्षात. म्हणून पहिला फोन दोन-तीन दिवसांत करायचा: पैसे मागायला नाही; नाव, तारीख, रक्कम पडताळायला. मॉलमध्ये भिडेपोटी 'हो' म्हटलेले लोक या फोनवर 'नको' म्हणतात. म्हणू द्यावं. आज गेलेला दाता तीन बाउन्स करून शिव्या देत जाणाऱ्यापेक्षा परवडतो.

बाउन्सचं तर खास. हप्ता परत गेला की बँक दात्याकडून काहीशे रुपये दंड घेते, वर जीएसटी. आठशे देऊ पाहणाऱ्याला न देता भुर्दंड. त्यामुळे न विचारता त्याच महिन्यात पुन्हा हप्ता लावू नये आणि सलग तीन परतले तर मँडेट आपणच थांबवावा.

करसवलतीचं आमिष आता पूर्वीसारखं चालत नाही. २०२३-२४ पासून नवी करप्रणालीच मूळ धरली जाते आणि तिच्यात देणगीवरची (८०जी म्हणून ओळखली जाणारी) वजावट मिळत नाही. विचारल्यावर खरं सांगावं. एप्रिलमध्ये 'सवलत कुठेय' असा फोन येण्यापेक्षा बरं.

पुराच्या, भूकंपाच्या दिवसांत फॉर्मवरचं एकच वाक्य महत्त्वाचं ठरतं. 'पूरग्रस्तांसाठी' असं छापलं की तो पैसा तिथेच बांधला गेला. गरजेपेक्षा जास्त आला तरी हलवता येत नाही; हलवायचा तर प्रत्येक दात्याला विचारायचं. 'पूरग्रस्तांसाठी, आणि गरज भागल्यास इतर मुलांसाठी' ही वाढीव ओळ आधीच छापलेली असली की सुटका होते. ती छोट्या टायपात नको, त्याच टायपात हवी.

(दृश्य: ऐरोली. कार्यालय. सहा तारीख, सकाळचे दहा.)

परतीची फाइल उघडते. खाते क्रमांक, रक्कम, कारण. शिल्लक नाही. शिल्लक नाही. खातं बंद. शिल्लक नाही. दात्याकडून रद्द. ज्यांचं खातं बंद, त्यांना आज फोन: बहुधा नोकरी बदललेली असते, पगाराची बँकही. शिल्लक नसलेल्यांना पुढच्या पाच तारखेच्या आधी एक मेसेज. ज्यांनी रद्द केलं, त्यांना आभाराचं पत्र, आणि नाव फोनच्या यादीतून काढलेलं.