बोली लावायची की भाव लिहायचा?

[दृश्य: बेळगाव जिल्ह्यातलं बाजार समितीचं आवार. अडत दुकानांपुढे सोयाबीनचे ढीग.]

खरेदीदार मूठभर सोयाबीन उचलतो, फुंकर मारून काडीकचरा उडवतो, एक दाणा दाताखाली धरतो. कट्कन फुटला तर माल वाळलेला, चेपला तर ओला. भाव मात्र तो तोंडानं सांगत नाही. पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे. आता तो मोबाईलवर लॉट नंबर काढतो आणि क्विंटलचा दर टाकतो.

कर्नाटकात ही ऑनलाइन पद्धत २०१४ मध्ये सुरू झाली. त्यासाठी राज्य सरकारनं एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजाराच्या कंपनीबरोबर राष्ट्रीय ई-मार्केट सर्व्हिसेस ही भागीदारीतली कंपनी काढली. देशपातळीवरचं ई-नाम, म्हणजे केंद्राचा ऑनलाइन कृषी बाजार, त्यानंतर, १४ एप्रिल २०१६ ला आलं. गेटवर मालाची नोंद होते, ढिगाला लॉट नंबर पडतो. ठरलेल्या वेळेपर्यंत खरेदीदार दर टाकतात, पण एकाचा दर दुसऱ्याला दिसत नाही. वेळ संपली की वरचा दर जाहीर होतो. तो पटला नाही तर शेतकरी माल द्यायला नकार देऊ शकतो. पटला तर वजन होतं आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात येते.

बोली अशी झाकलेली असल्यामुळे शेजाऱ्याच्या दरावर पाच रुपये चढवून बसता येत नाही. आपल्याला माल किती किमतीचा वाटतो तेच लिहावं लागतं. पण आवारात मोजून तीनच खरेदीदार असतील आणि सकाळी चहाच्या गाड्यावर त्यांचं आधीच ठरलं असेल, तर संगणक काय करणार? दुसरी गफलत बोटाची: ४,५०० च्या जागी ४५,००० पडतात आणि मग मागाहून वाद. तिसरी ओलाव्याची. १२ टक्के धरून दर टाकलेला असतो, पोत्याच्या तळाशी निघतो १६ टक्के, आणि वजनाच्या वेळी कपातीवरून आवाज चढतात.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर चढती बोली.]

इंटरनेटवरची उघडी बोली वेगळी चालते. ईबे १९९५ मध्ये अमेरिकेत निघालं ते लिलावासाठीच. तिथं आपला वरचा आकडा गुपचूप देऊन ठेवायचा, बोली यंत्रणाच चढवते. समजा एका जुन्या घड्याळाला तुम्ही १,५०० पर्यंत जायला तयार आहात, दुसरा १,१०० पर्यंत, आणि बोली चढायचा टप्पा ५० चा आहे. घड्याळ तुम्हाला १,१५० ला पडेल. शेवटच्या दहा सेकंदांत तिसऱ्यानं १,६०० टाकले, तर ते १,५५० ला त्याचं. म्हणून मुरलेले लोक शेवटपर्यंत गप्प बसतात. याला उपाय एकच, आपला खरा वरचा आकडा एकदाच टाकायचा आणि चढाओढीत पडायचं नाही.

पण लिलाव संपेपर्यंत ग्राहकाला सात-सात दिवस थांबायचं नसतं. ईबेनंच २००० मध्ये ठरल्या किमतीला ‘आत्ताच घ्या’ची सोय दिली. भारतात त्यांनी २००४ मध्ये बाझी डॉट कॉम ही इथली लिलावाची साइट विकत घेतली, २०१७ मध्ये इथला धंदा फ्लिपकार्टकडे दिला, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ईबे डॉट इन बंद झालं.

[दृश्य: बेळगाव जिल्ह्यातलं अथणी. चामड्याचा तळ, शिवलेले कान, अंगठा, वेणीचा पट्टा.]

कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन दोन्ही राज्यांत वाटलेलं आहे: कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर आणि महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. या चपलेला लिलाव नको. तसाच जोड उद्याही बनणार आहे, मग आज कोण चढी बोली लावेल? इथं एकच ठरावीक भाव लिहायचा, आणि तो खालून वर मोजत जायचं.

समजा ऑनलाइन मंचावर जोडाची किंमत १,२०० रुपये, जीएसटी धरून. २,५०० पर्यंतच्या पादत्राणांना ५ टक्के, म्हणजे ५७ रुपये कराचे. मंचाचं कमिशन १५ टक्के धरलं तर १८०, कुरिअर ९०, आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी: एकूण ३१९. हातात उरले ८२४. चामडं, मजुरी, डबा सगळं यातूनच. दहात एक जोड परत आला आणि जाण्या-येण्याचं भाडं आपल्याच माथी बसलं, तर प्रत्येक जोडामागे आणखी २१ रुपये गेले.

डब्याकडे फार कुणी बघत नाही, तिथंच पैसा गळतो. कुरिअरवाले आकारमानाचं वजन धरतात: लांबी, रुंदी, उंचीचा सेंटीमीटरमधला गुणाकार भागिले ५,०००. ३३×२०×१२ चा डबा दीड किलोच्या वर जातो, आत चप्पल पाऊण किलोची का असेना. तोच ३०×१४×१० चा घेतला तर ८४० ग्रॅम. चपला परत येतात त्या बहुतेक मापामुळे. नुसता ८ किंवा ९ नंबर लिहू नये, पाऊल कागदावर ठेवून टाच ते अंगठा किती सेंटीमीटर ते विचारावं. नवी कोल्हापुरी कडक असते, तेल लावून चार दिवस घालावी लागते, हेही वर्णनात हवं.

[दृश्य: निपाणी. महामार्गावरची वाहनं.]

सीमाभागातली खरी मेख पुढे आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय, फक्त पॅनवर नावनोंदणी करून ऑनलाइन मंचावर माल विकता येतो, पण आपल्या राज्यातच. म्हणजे कर्नाटकातल्या निपाणीतला माणूस ५५० किलोमीटरच्या वर असलेल्या बेंगळुरूला पार्सल पाठवू शकतो, ४० किलोमीटरच्या आसपास असलेल्या कोल्हापूरला नाही. पै-पाहुणे तिकडे, बाजारहाट तिकडे, आणि गिऱ्हाईक मात्र कायद्यानं परराज्यातलं! जीएसटी नोंदणी घेतली की वाट मोकळी होते. मग कोल्हापूरच्या बिलावर आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा) लावायचा, बेंगळुरूच्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा). मालाचं वर्णन मराठीत असेल तर पहिल्या ऑर्डरी कागल, कोल्हापूर, इचलकरंजीच्याच येणार. त्यामुळे मंचावर माल चढवायच्या आधी हा जीएसटी नंबर हातात असलेला बरा.